सूचना वही, पान एकशे बारा

सर्व शिक्षक व कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की
धुक्याची सुट्टी मिळणार नाही.
मी स्वतः सकाळी सहाला फोन लावून विचारलं.
साहेब झोपेतच नाही म्हणाले.

तेव्हा,
मंगळवारची तपासणी बुधवारवर गेली आहे.
जंतांच्या गोळ्या बुधवारच्या बुधवारीच आहेत.
पाचवीचे परीक्षा-फॉर्म पोर्टल रात्री दोनला घेतं,
दुपारी दोनला घेत नाही.
आणि शनिवारी स्नेहसंमेलन,
त्यातल्या सात मोरांपैकी चार मोरांना खोकला आहे.

इथवर शाईनं लिहिलं.
पुढचं पेन्सिलीनं लिहिते,
तपासणीच्या आधी खोडता येईल.

मोघेबाई,
काल तुमच्या दारावरून जाताना ऐकलं:
पहिलीतला देवांश भदौरिया
जून महिन्यापासून ‘बाल’ म्हणत होता,
‘कमल’ म्हणत होता,
काल त्याची जीभ टाळूला जाऊन आदळली
आणि वर्गात एक अख्खा ‘ळ’ पडला,
नव्या नाण्यासारखा.
तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत.
फळ्याकडे वळून उगाच पुसत राहिलात
पुसलेलाच फळा.
मी पाहिलं.

नाहीदबाई, तुम्हाला तिसरीतल्या पोरीनं विचारलं,
“शेजारच्यानं दहा उसने दिलेच नाहीत तर?”
त्यावर तुम्ही जो वेळ थांबलात
तो तास-नियोजनात कुठल्या रकान्यात भरायचा
मला अजून सुचलेलं नाही.
रकाना रिकामा सोडा. मी साहेबांशी बोलेन.

दिघे सर,
बुटांच्या नाड्या बांधणं हे तुमचं काम नव्हे, मान्य.
पण लष्करच्या या थंडीत
एवढाल्या गोठलेल्या बोटांना गाठ कशी जमावी?
तुम्ही खाली बसता तेव्हा तुमचा गुडघा वाजतो,
आणि पोरं तो आवाज मोजतात.
परवा त्यांचे अंक बावीसपर्यंत न चुकता गेले.

गुड्डीबाईंना हे कोणी तरी वाचून दाखवा:
न्याहारी न करता कोण आलंय
हे हजेरीपटाला कळत नाही,
तुमच्या पळीला कळतं.
ती त्याच्या वेळी तळापर्यंत जाते.

‘दिव्यासारखे जळा’ वगैरे
मी लिहिणार नाही.
जळून काय करायचं,
सोमवारी परत यायचं आहे.

उलट एक सांगते.
गेल्या गुरुवारी, चौथ्या तासाला,
मी खेळाच्या सामानाच्या खोलीत गेले
आणि फुटक्या डंबेल्सच्या पेटीवर बसून राहिले.
काही झालं नव्हतं.
कोणी मेलं नव्हतं, कोणी ओरडलं नव्हतं.
फक्त उठता येईना.
रामसनेही चहा घेऊन आला.
त्यानं विचारलं नाही काही.
कप ठेवला,
शालीचं टोक जमिनीवर लोळत होतं ते उचलून मांडीवर टाकलं,
बाहेर गेला
आणि बाहेरून कडी घातली.
दहा मिनिटं मी आत ऐकत होते:
“बडी मैडम? अभी तो यहीं थीं।
पीछे गई होंगी, नल देखने।”
एकोणतीस वर्षांच्या नोकरीत
माझ्यासाठी कोणी इतकं सुंदर खोटं बोललं नव्हतं.

तर सूचना अशी:
ती खोली या आठवड्यात उघडी राहील.
पेटीवर मी घरची उशी ठेवली आहे.
किल्ली रामसनेहीकडे.
कारण सांगायचं नाही, नोंद करायची नाही.
दहा मिनिटं.
तेवढ्यात तुमचा वर्ग मी बघेन;
मला गाणी येत नाहीत, पाढे येतात,
एकोणतीसचा सुद्धा.

आज साडेनऊला धुक्यातून
आधी नुसत्या टोप्याच आल्या,
लाल, निळ्या, एक गोंडा तुटलेली.
मग त्यांच्याखाली हळूहळू पोरं आली.
फाटकात तोमर सर उभे होते,
टोपीवरून नाव ओळखून हाक मारत होते.
एकही चुकलं नाही.

वाचून सह्या कराव्यात.
मोरांसाठी आलं मी आणते आहे.
मध कोणाकडे असेल तर बघा.